प्रसंग नसलेली टिटवी

एका जंगलात एक पाणवठा होता आणि त्याच्या काठावर तानी नावाची टिटवी राहत होती. जंगल कुठलं, असं विचारू नका, मुलांनो. मी सांगेन आणि उद्या तिथली मंडळी माझ्या दारात भांडायला येतील.

तानीनं काठावरच्या गोट्यांत चार अंडी घातली होती. अंडी गोट्यांसारखीच दिसत, त्यामुळे कुणाच्या नजरेत येत नसत. तानी मात्र सगळ्यांच्या कानांत भरे. बिबट्या पलीकडच्या घळीतून निघाला, की गवत हलायच्या आधी तिला कळे. मग ती अशी काही केकाटे, की पाण्यावर आलेली हरणं, डुकरं, ससे दाही दिशांना पसार होत. बिबट्या चरफडत परत जाई.

हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. तिची आई ओरडत होती, म्हणून ती ओरडत होती. नऊ वर्षांत पाणवठ्यावर कुणाच्या अंगावर ओरखडा आला नव्हता.

भिवा ससा रोज तिन्हीसांजेला यायचा.

"काय तानीमावशी, उतरू का पाण्यात?"

"पी रे बाबा. मी आहे."

भिवा पोटभर पाणी प्यायचा आणि निघून जायचा. आभार वगैरे त्यानं कधी मानले नाहीत. तानीलाही ते कधी खटकलं नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि सगळं सुरळीत चाललेलं असलं, की मुलांनो, कुणालातरी सुधारणा सुचते.

जंगलावर गवेराजांचं राज्य होतं. ते शेजारच्या जंगलात लग्नाला गेले आणि तिथल्या सुधारणा पाहून आले. तिथं म्हणे प्रत्येक कामाला पद होतं आणि प्रत्येक पदाला मुलाखत होती. गवेराजांना अन्न गोड लागेना. चार दिवसांत दवंडी पिटली गेली. पाणवठ्यावर एक सूचना अधिकारी नेमण्यात येईल. निवड मुलाखतीनं होईल. ज्या राखणदाराची निवड होणार नाही, त्यानं पाणवठ्यापासून शंभर पावलं लांब राहावं.

तानीनं गोट्यांतल्या अंड्यांकडे पाहिलं. टिटवीला उडून जाता येतं, अंड्यांना येत नाही. पिल्लं बाहेर पडायला अजून वीस दिवस होते.

ती तडक नेमणूक खात्यात गेली. खात्याच्या प्रमुख साळिंदरबाई होत्या. लिहायची वेळ आली, की त्या पाठीवरचा एक काटा उपटून घेत.

"बाई, तिथं मीच तर ओरडते," तानी म्हणाली.

"मग तुम्हांला सोपंच जाईल. एखादा कठीण प्रसंग सांगा, ज्यात तुम्ही संकटाला तोंड दिलंत."

"बिबट्या आला. मी ओरडले."

"मग?"

"मग सगळे पळाले."

"पुढे काय झालं?"

"काही नाही."

"कुणी जखमी? कुणी दगावलं?"

"छे हो! मी ओरडले ना!"

"बरं, दुसरा प्रसंग सांगा."

"तोही असाच."

"नऊ वर्षांत काहीच घडलं नाही?"

"काहीच नाही," तानी म्हणाली. तिला याचा अभिमान होता, बिचारीला.

साळिंदरबाईंनी लिहिलं: अनुभव निरंक.

पाठोपाठ मोर आत गेला. तो दुसऱ्या टेकडीवर राखणीला होता. तिथं त्याच्या डोळ्यांदेखत बिबट्यानं तीन हरणं नेली होती.

"त्या वेळी मी खचलो नाही," मोर म्हणाला. "सगळ्यांना एकत्र आणलं. शोकसभा घेतली. पिसारा अर्ध्यावर उतरवला."

साळिंदरबाईंना दोन काटे लागले लिहायला. शेवटी शेवटी तर त्यांचे डोळे भरून आले.

उमेदवार दोनच होते. त्यामुळे दोघांनाही आठ दिवसांनी गवेराजांसमोर अंतिम फेरीला बोलावणं आलं.

आता जिथं मुलाखत तिथं शिकवणी आलीच. पाण्यावर वाकलेल्या उंबराच्या फांदीवर खंड्यासरांचा वर्ग भरत असे. सर स्वतः मुलाखतीत तीनदा नापास झाले होते. त्यामुळे त्यांचा अनुभव दांडगा होता.

"तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?" सरांनी विचारलं.

"मी फार ओरडते."

"साफ चूक. म्हणा, मला दुसऱ्यांची इतकी काळजी वाटते, की माझं स्वतःकडे दुर्लक्ष होतं."

"पण सर, यात दोष कुठे आहे?"

"नाही ना? म्हणूनच तो सांगायचा. पुढे. सहकाऱ्यांशी कधी मतभेद झाले?"

"बिबट्याशी होतात."

सरांनी डोळे मिटून घेतले. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"

"इथंच. काठावर."

"तानीबाई," सर म्हणाले, "हे सगळं मी घोटून घेईन. पण तुमच्याकडे प्रसंगच नाही, त्याचं काय करू? प्रसंगाला चार पायऱ्या असतात. आधी परिस्थिती, मग जबाबदारी, मग कृती आणि शेवटी फळ. तुमची गोष्ट पहिल्याच पायरीवर अडते. परिस्थिती यायच्या आधीच तुम्ही ओरडता!"

"मग मी काय करू?"

"रचा एखादा."

तानीनं दोन दिवस खटपट केली. पण टिटवीला दिसतं तेवढंच ओरडता येतं. खोटं बोलायला गेली, की तिचा घसा बसायचा. तिसऱ्या दिवशी तिनं सरांना तसं सांगितलं.

"मग घडू द्या," सर म्हणाले. तेवढ्यात त्यांना मासा दिसला. त्यांनी सूर मारला, मासा आणला, फांदीवर दोनदा आपटला आणि गिळला. "मी कुठे म्हणतो ओरडू नका? ओरडा. फक्त जरा दमानं."

"तुमच्या जिभेला काही हाड?" तानी कडाडली. "दमानं ओरडायला काय लग्नातली मंगलाष्टकं आहेत ती?" आणि ती उडून गेली.

शाबास, असं तुम्ही म्हणाल. मीही तेव्हा म्हणालो होतो.

पण दुसऱ्या दिवशी खात्याची दोन मुंगसं काठावर आली. त्यांनी पाण्यापासून शंभर पावलं मोजली आणि तिथं एक खूण केली. मग त्यातलं एक वाकून गोट्यांत पाहू लागलं.

"बाई, ही अंडी बरोबर नेणार, की इथंच राहणार?" त्यानं अदबीनं विचारलं. विचारताना त्यानं ओठ चाटले.

त्या दिवशी तिन्हीसांजेला भिवा आला.

"काय तानीमावशी, उतरू का पाण्यात?"

"पी रे बाबा. मी आहे."

भिवा वाकला. त्याच वेळी बिबट्या घळीतून निघाला. तानीनं पाहिलं. गवत अजून हललं नव्हतं. तिची चोच उघडली.

आणि तिनं ती मिटली.

एक. गवत हललं. तानीला चार अंडी आठवली. दोन. बिबट्याचे कान दिसले. तानीला मुंगसाचे ओठ आठवले. तीन.

मुलांनो, तीन आकडे म्हणजे किती वेळ, ते मोजून पाहा. फार नाही. पण तुम्ही ससा नाही.

मग तानी ओरडली. जन्मात ओरडली नव्हती अशी ओरडली. भिवानं आंधळी उडी घेतली. पंजा पडला तो त्याच्या डाव्या कानावर. भिवा वाचला. कान गेला.

रात्रभर तानी अंड्यांवर बसून होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की अंड्यांना आपली ऊब द्यावी की नाही, असं तिला झालं. सकाळी जाऊन भिवाला सगळं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं.

पण सकाळी भिवाच आला. डोक्याला पाला बांधलेला, तोंडात कोवळ्या हरळीची जुडी. जुडी त्यानं तानीच्या पायाशी ठेवली.

"मावशी, तू नसतीस तर मी उरलो नसतो. तुझे उपकार कसे फेडू?"

नऊ वर्षं तिनं त्याचे दोन्ही कान राखले होते, तेव्हा त्यानं गवताची काडी आणली नव्हती. तानीनं सांगायला तोंड उघडलं. आणि खरं बोलताना तिचा घसा पहिल्यांदाच बसला.

अंतिम फेरी झाली. मोरानं आपली शोकसभा पुन्हा सांगितली. गवेराजांनी मान डोलावली.

मग तानीचा नंबर आला.

"ससा आणि बिबट्या यांच्यात हातभर अंतर होतं," तानी म्हणाली. "पाणवठ्यावर पाहणारी मी एकटी होते. मी ओरडले. ससा जगला. एक कान गेला."

चारही पायऱ्या नीट बसल्या. यात एक शब्द खोटा नव्हता, म्हणून घसाही बसला नाही.

"यातून काय शिकलात?" गवेराजांनी विचारलं.

तानीनं खाली पाहिलं. "वेळेचं महत्त्व."

"वा!" गवेराज म्हणाले. "साक्षीदार कुणी?"

भिवा पुढे आला. त्यानं डोक्यावरचा पाला सोडला. कानाची जागा पाहून दरबारातल्या हरिणी मुसमुसू लागल्या.

"मावशीनं मला मरणाच्या दाढेतून ओढलं, महाराज," तो म्हणाला आणि त्यालाच हुंदका आला.

"मोरा, तुझा साक्षीदार?"

मोरानं पिसारा आवरून घेतला. त्याचे तिन्ही साक्षीदार बिबट्याच्या पोटात होते.

"आमच्या पाणवठ्यावर नऊ वर्षांत इतकं चांगलं काम झालं नव्हतं," गवेराज म्हणाले. तानी सूचना अधिकारी झाली. बारा दिवसांनी अंडी फुटली आणि चार पिल्लं काठावर तुरुतुरु धावू लागली.

तानीनं मनाशी शपथ घेतली, की पुन्हा असं कधी करायचं नाही. तिनं ती पाळलीही. वर्षभर ती डोळ्यांत तेल घालून बसली. गवत हलायच्या आधी ओरडली. कुणाचा केस वाकडा झाला नाही. हळूहळू तिला वाटू लागलं, की आपलं पाप फिटत आलं.

वर्ष संपलं. गोट्यांत नवी चार अंडी होती. त्यांच्याजवळच साळिंदरबाई कागद घेऊन येऊन बसल्या. मागे तीच दोन मुंगसं.

"तर तानीबाई, यंदाचे प्रसंग सांगा."

"यंदा रोज वेळेवर ओरडले."

"प्रसंग?"

"एकही नाही."

साळिंदरबाईंचा काटा थांबला. "गेल्या वर्षी किती छान सुरुवात केली होतीत! असं कसं झालं? पद टिकवायला निदान एक प्रसंग लागतो. मोराचा अर्ज येऊन पडलेला आहे."

तेवढ्यात भिवा पाण्यावर आला. बाईंनी त्यालाच हाक मारली.

"काय हो, यंदा यांनी तुम्हांला किती वेळा वाचवलं?"

भिवा प्रामाणिक होता. त्यानं बराच वेळ आठवून पाहिलं.

"यंदा नाही, बाई," तो ओशाळून म्हणाला. "एकदासुद्धा नाही. बिबट्या जवळ आलाच नाही ना." मग त्याला तानीची दया आली. "पण मावशीला नाव ठेवू नका. संधी मिळाली, की वाचवेल ती."

"मग आठ दिवसांची मुदत देते," साळिंदरबाई म्हणाल्या आणि उठल्या. मुंगसं मात्र गोट्यांपाशी जरा रेंगाळली.

भिवा पाण्याशी वाकला. तानी त्याच्या उरलेल्या कानाकडे पाहत राहिली.

तात्पर्य: मुलांनो, संकट दारात यायच्या आधी कधीही ओरडू नका. जे घडलंच नाही त्याचे गुण कुणी देत नाही. आधी थोडं घडू द्या, मग ओरडा. कान दुसऱ्याचा आहे ना, तेवढं मात्र पाहून घ्या.