आधी बापाने वाचायचं

आमच्या बेलापुरात काही बापमाणसं बाजाराला जाताना सरळ रस्ता सोडून मागच्या गल्लीने जातात. तशी ती भित्री नाहीत. साखर कारखान्याच्या सभेत उभं राहून चेअरमनला प्रश्न विचारणारी मंडळी आहेत. पण सरळ रस्त्यावर मालतीबाईंचं घर आहे आणि मालतीबाई ओट्यावर बसलेल्या असतात. पिशवी घेतलेला बाप दिसला की त्या हाक मारतात, "थांबा जरा. हत्तीचं पुढे काय झालं?"

ज्याला सांगता येतं, तो सुटतो. ज्याला येत नाही, त्याला बाई ओट्यावर बसवून चहा देतात आणि चहा संपेपर्यंत त्याच्याकडे नुसत्या बघतात. त्यापेक्षा मागची गल्ली बरी.

मालतीबाई माझ्या समोरच राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. एकट्याच असतात. बाहेरच्या खोलीत लोखंडी मांडणीवर भांड्यांऐवजी मुलांची पुस्तकं लावली आहेत. नगरला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की रिकाम्या पिशव्या घेऊन एसटीत बसतात आणि भरलेल्या घेऊन उतरतात. पुस्तक कुणीही न्यावं, पैसे नाहीत, अनामत नाही. अट एकच. आधी बापाने वाचायचं आणि मग मुलाला वाचून दाखवायचं.

"आईने वाचलं तर चालणार नाही का?" मी एकदा विचारलं.

"आई वाचतेच हो. तिला सक्ती कशाला करायची?"

पुस्तक निवडायची त्यांची रीतही वेगळी. मूल कितवीत आहे, मार्क किती पडतात, हे त्या चुकूनही विचारत नाहीत. विचारतात, "भांडतोस कशावरून?" पोरगं आधी आईकडे बघतं, मग हळूच सांगतं. दादा खिडकीजवळ बसू देत नाही. आत्याची मुलगी माझ्या ताटातलं उचलते. बाई मान डोलावतात, मांडणीशी जातात आणि खालच्या फळीवरून काहीतरी काढून आणतात.

एक ताई मुलाला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, संस्कार होतील असं काहीतरी द्या."

"संस्कार तुम्ही करा. हे बेडकाचं पुस्तक आहे. तो चिखलात लोळतो आणि शेवटपर्यंत सुधारत नाही."

ताईंनी नाइलाजाने ते नेलं. परत आलं तेव्हा त्याची पानं सुटली होती आणि कव्हरावर वरणाचा डाग होता. बाई दिवसभर खुशीत होत्या. पुस्तक कोरं करकरीत परत आलं की मात्र त्यांचा चेहरा पडतो. "वाचलंत की नुसतं सांभाळलंत?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझीही परीक्षा झाली. मी पतसंस्थेत नोकरीला, वाचायची सवय असलेला माणूस. मुलासाठी मी अस्वलाचं पुस्तक नेलं होतं. अस्वलाची छत्री हरवते, ते जंगलभर विचारत फिरतं आणि शेवटी कळतं की ती त्याच्याच पाठीला अडकवलेली होती. मी गोष्ट घडाघडा सांगितली.

"छान. मुलगा कुठल्या पानावर हसला?"

मी आठवायला लागलो.

"म्हणजे तुम्ही पुस्तकाकडे बघत होतात. पुढच्या वेळी त्याच्याकडे बघा," बाई म्हणाल्या आणि तेच पुस्तक परत माझ्या हातात दिलं.

या बाईंच्या तावडीत मागच्या वर्षी बाळासाहेब सापडले. बाळासाहेब मूळचे जामखेडकडचे. टेम्पोवर कांदा आणि भाजीपाला वाहतात. गल्लीच्या टोकाला भाड्याने राहायला आले होते. त्यांची गौरी दुसरीत. तिने स्वतःच येऊन पुस्तक मागितलं आणि माझ्याकडून परत गेलेलं ते अस्वलाचं पुस्तक तिच्या वाट्याला आलं. पुढे बाळासाहेबही मागच्या गल्लीने जायला लागले. टेम्पो तिथून निघत नव्हता, तरी कसाबसा काढायचे.

आठवडेबाजाराच्या दिवशी मात्र ते पायी होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला गौरी. मेथीच्या ढिगाशी आम्ही चारपाच जण उभे होतो. बाई मागून आल्या.

"काय बाळासाहेब, अस्वलाचं काय झालं?"

बाळासाहेबांनी पिशवी खाली ठेवली. मग सांगायला लागले.

"त्याचं असं झालं बाई, अस्वलाच्या गावाला पाऊसच न्हाई. मंग छत्री काय करायची? म्हणून ते निघालं विकायला. ह्याला इचारलं, त्याला इचारलं. कुणी घेईना. सगळ्यांची तीच गत, पाऊस कुणाकडंच न्हाई. मंग फिरलं माघारी. वाटंत एक म्हातारी बसल्याली, संगं वासरू. ऊन लई हुतं. वासराला धाप लागल्याली. अस्वल म्हनलं, आमी एवढं गाव हिंडलो अन् छत्रीचं काम तर हितंच हुतं. दिली उघडून वासराच्या डोक्यावर. अन् सोता गेलं उन्हातनं घरी."

भाजीवाली मेथी बांधायची थांबली होती. मी ते पुस्तक दोनदा वाचलेलं. त्यात म्हातारी एका चित्रात होती, वासरूही होतं, पण ही गोष्ट कुठेच नव्हती. बाळासाहेबांनी चित्रं पाहिली होती. अक्षरं वाचली नव्हती.

मी गौरीकडे पाहिलं. तिला वाचता येत होतं. ती चपलेच्या टोकाने माती उकरत होती आणि बापाचं बोट तिने घट्ट धरलं होतं.

बाईंनीही तिच्याकडे एकदा पाहिलं. मग बाळासाहेबांना म्हणाल्या, "बरोबर. अगदी बरोबर सांगितलंत." आणि मेथीच्या दोन जुड्या उचलून चालायला लागल्या.

मी भराभर चालून त्यांना गाठलं. "बाई, ती गोष्ट पुस्तकात नाहीये."

"माहीत आहे मला. पुस्तकातली एवढी चांगली नाही."

संध्याकाळी त्या बाळासाहेबांच्या घरी गेल्या. मलाही सोबत नेलं. बाळासाहेब आधीच ओळखून होते. गौरीला पाणी आणायला आत पाठवून हळू आवाजात म्हणाले, "बाई, दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जायचे. मी बी संगं. शाळा तशीच सुटली. पोरीला कसं सांगू, म्हणून मी..."

"सांगू नका. तिला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आणि तरी ती रोज तुमच्याकडूनच ऐकते ना?"

बाईंनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. जाड, चौकोनी, आणि आत फक्त चित्रं. एकही अक्षर नाही. त्यांनी ते बाळासाहेबांच्या मांडीवर उघडलं.

"हे असंच लिहितात. गोष्ट ज्याची त्याने करायची. माझ्याकडे खूप दिवस पडून आहे, नेणारा मिळत नव्हता. अक्षरांचं नंतर बघू. तुम्हाला वाटलं तर दुपारी या, मी मोकळीच असते."

बाळासाहेब हल्ली खरंच येतात. टेम्पोवरच्या पाट्या वाचायला लागलेत, स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्याही. पण त्या चौकोनी पुस्तकाची गोष्ट रोज नवी होते म्हणे.

परवा दुपारी बाळासाहेबांच्या अंगणात चटई टाकलेली दिसली. गल्लीतली पोरं जमली होती, माझा मुलगाही त्यात होता. त्याला हाक मारायला गेलो तर पोरांच्या मागे भिंतीला टेकून मालतीबाई बसलेल्या. मी वाकून म्हटलं, "बाई, तुम्ही इथे? परीक्षा घ्यायला?"

"नाही हो." त्या सरकून बसल्या, मला जागा दिली. "घरात मी थोरली. धाकट्यांना मी सांगायची. मग शाळेत सांगायची. मला कुणी कधी गोष्ट सांगितलीच नाही."

तेवढ्यात बाळासाहेबांनी त्या चौकोनी पुस्तकाचं पान उलटलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं आणि चष्मा काढून ठेवला. नुसतं ऐकायचं होतं त्यांना.