एकोणिसावा रकाना

माणसाने जेवताना तरी थोडी लाज बाळगावी. गॅरिसनने ती बाळगली नाही. रविवारी चर्चहून आल्यावर सासूच्या टेबलाशी बसून त्याने चीज भरलेले व्हेरेनिके, म्हणजे उकडलेल्या करंज्या, हॅमच्या ग्रेव्हीत बुडवून बुडवून तीन ताटल्या संपवल्या, तोंड पुसलं आणि म्हणाला, "आई, मे महिन्यात तुमची खोली बंद होतेय. यापुढे यंत्रहात थर लावणार. तोवर तीन महिने तुम्ही आमच्या कॉम्प्युटरला शिकवायचं." एवढं बोलून त्याने चौथ्यांदा ताटली पुढे केली.

वेल्डा उनरूबाईंनी ती भरली नाही. भांडंच उचलून ओट्यावर नेऊन आपटलं. "लोरीन, तुझ्या नवऱ्याचं पोट भरलंय," त्या लेकीला म्हणाल्या, "डोळे भरायचे राहिलेत."

खोली म्हणजे अमेरिकेतल्या विचिटा गावच्या, विमानाचे भाग करणाऱ्या कारखान्यातली थर लावायची खोली. राळेने माखलेलं काळं कार्बनचं कापड ठरलेल्या तिरकेपणाने एकावर एक अंथरायचं, रोलरने हवा काढायची आणि भट्टीत शेकायला पाठवायचं. वेल्डाबाईंची शाळा आठवीत सुटली होती, पण गेली चौतीस वर्षं या खोलीत त्यांचा शब्द शेवटचा. हाताखाली सात बायका. त्यातल्या एकीलाही वेल्डाबाई रिकाम्या हाताने घरी पाठवणार नव्हत्या.

जावई डॉक्टरेट मिळवलेला, वरच्या मजल्यावर, काचेच्या केबिनमध्ये. कापसासारखं हलकं, पोलादासारखं दणकट, अंगावर पडलेली वीज कडेने वाहून नेणारं, शिवाय थंडीही अडवणारं असं सगळं एकाच पॅनेलमध्ये हवं, तर थर कसे लावावेत हे कॉम्प्युटरकडून काढून घेणं, हे त्याचं काम. कॉम्प्युटरला खायला माहिती लागते. म्हणून सोमवारी त्याने सासूच्या हातात एक टॅब्लेट ठेवला. एका पॅनेलमागे एकोणीस रकाने. खोलीचं तापमान, हवेतला ओलावा, राळेचा गट, टेबलाचा नंबर, कापड फ्रीझरमधून कधी काढलं, आणि असंच कायकाय. शेवटचा रकाना होता शेरा.

"यात काय लिहायचं?" वेल्डाबाईंनी विचारलं.

"काहीही. ते कोणी वाचत नाही," गॅरिसन म्हणाला आणि दारातूनच परत फिरला. आत यायचं तर डोक्याला जाळीची टोपी घालावी लागते, आणि त्याला त्याचे केस फार प्रिय.

काहीही म्हणाला ना? मग वेल्डाबाईंनी तीन महिने काहीही लिहिलं. रोज लिहिलं. मनातली आग ओतायला एवढी चांगली जागा त्यांना चौतीस वर्षांत मिळाली नव्हती.

मे महिना उजाडला. विमान कंपनीच्या इबार्राबाई माल ठरवायला आल्या. पॅनेल ज्यांच्या हातचे त्यांनाही बघायचं म्हणाल्या, म्हणून वेल्डाबाईंना बैठकीत बोलावून मागे उभं केलं. खुर्ची कोणाला सुचली नाही.

गॅरिसनने पडद्यावर चित्र लावलं. "कोणत्या गोष्टीमुळे पॅनेल किती मजबूत होतं, ते आमच्या मॉडेलने स्वतः शोधून काढलंय. आम्ही एकही रकाना वगळला नाही." चित्रात पट्ट्या होत्या. थरांचा तिरकेपणा, इतकुसा. भट्टीची उष्णता, इतकुशी. आणि खाली एक पट्टी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही सगळ्यात मोठी पट्टी कसली?" इबार्राबाईंनी विचारलं.

गॅरिसनने वाकून बघितलं. "ही... शेरा."

"उघडा की."

त्याने उघडलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. इबार्राबाई मोठ्याने वाचू लागल्या. "पॅनेल एकतीस. जावई काचेतून डोकावून गेला. प्राणिसंग्रहालयात आल्यासारखा. आत यायला पाय दुखतात मेल्याचे. पॅनेल बावन्न. लोरीनने याच्यात काय पाहिलं देव जाणे. मी तेव्हाच म्हटलं होतं, तो दंतवैद्य बरा होता."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. कारखान्याचे मॅनेजर डमलर साहेब खोकल्याचं सोंग करत होते. गॅरिसनचे कान लाल झाले.

"शेरा जितका लांब, तितकं पॅनेल दणकट," इबार्राबाई आकडे बघत म्हणाल्या. "आणि 'जावई' हा शब्द आला की थर सुटतच नाहीत. यंत्रहाताने चाचणीसाठी लावलेल्या पॅनेलचं काय झालं?"

"त्यांचे थर... जरा लवकर सुटले."

"म्हणजे तुमचं मॉडेल कार्बन शिकलंच नाही, डॉक्टर. ते तुमच्या सासूबाईंचा राग शिकलंय. शुक्रवारपर्यंत मला या बाईंच्या हातचे पाच पॅनेल द्या आणि यात खरं काय आहे ते सांगा. नाही सांगता आलं तर आम्ही दुसरा कारखाना बघू."

दुसरा कारखाना म्हणजे खोलीही गेली आणि काचेची केबिनही. डमलर साहेबांनी गॅरिसनला जिन्यात गाठलं. "शुक्रवारपर्यंत त्यांना चिडवत ठेव! काय वाटेल ते कर!"

हे जिना झाडणाऱ्या माणसाने ऐकलं, त्याने खोलीतल्या थुईला सांगितलं, थुईने वेल्डाबाईंना. पण तोवर गॅरिसन कामाला लागला होता. सोमवारी त्याने आपला ट्रक सासूच्या पार्किंगच्या जागेवर लावला. मंगळवारी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "खरं सांगू? ग्रेव्ही डब्यातलीच बरी लागते." बुधवारी खोलीतली एकुलती एक खुर्ची गायब झाली.

"वेल्डाबाई, त्यांचा डाव आहे हो हा. तुम्ही चिडू नका," थुई म्हणाली.

"चिडू नको? चौतीस वर्षं या हातांनी काम केलं आणि हा मला भट्टीत घालायचं सरपण समजतो? डब्यातली ग्रेव्ही म्हणाला! डब्यातली! दे तो टॅब्लेट इकडे."

पाचही पॅनेल त्यांनी स्वतः लावले. मनगटं भरून आली, तरी रोलर दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही. आणि पाचही पॅनेलच्या शेऱ्यात दात-ओठ खात लिहिलं, "आज फार प्रसन्न वाटतंय. जावई देवमाणूस आहे."

शुक्रवारी इबार्राबाईंच्या समोर पॅनेल तोडायला घेतले. तुटता तुटेनात. तीन महिन्यांत इतकं दणकट काही झालं नव्हतं. नवे आकडे खाऊन मॉडेलने लगेच नवा शोध लावला. जावयाची स्तुती केली की पॅनेल सर्वांत मजबूत होतं.

"म्हणजे आता त्यांना खूश ठेवायचं का?" डमलर साहेब घाम पुसत म्हणाले.

इबार्राबाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "एक विचारू? त्या असं काय करतात, हे तुमच्यापैकी कोणी त्यांना विचारलंय का?"

सगळ्यांच्या माना गॅरिसनकडे वळल्या.

पाच मिनिटांनी गॅरिसन खाली आला. दार ढकलून पहिल्यांदाच आत शिरला.

"टोपी!" वेल्डाबाई कडाडल्या.

त्याने मुकाट्याने जाळीची टोपी घातली. केस चपटे झाले. "आई, तुम्ही नेमकं काय करता? खरंच सांगा."

"आत्ता विचारतोस? बघ." त्यांनी कापडाचा थर अंथरला, उभा रोलर फिरवला. "इथवर सगळे करतात. तुझा यंत्रहातही करतो. मग दहाला कॉफीची सुट्टी होते. तिथे तू डोनट खात भाषण देत असतोस. तुझं तोंड बघायचं नसलं की मी जात नाही, त्या दिवशी शेराही लांबतो. मग त्या वेळात हे करते." त्यांनी तोच रोलर आडवा फिरवला, प्रत्येक थरावर, कोपऱ्याकोपऱ्यात. काळ्या कापडाखालून बारीक बारीक बुडबुडे कडेला सरकले आणि फुटले. "झालं. यात राग नाही न् लोभ नाही. हवा राहिली की थर सुटतात. या आठवड्यात तर मी कॉफीचं तोंडही पाहिलं नाही."

"मग हे लिहिलं का नाहीत?"

"रकाना कुठे होता? टेबलाचा नंबर विचारलास. रोलर किती वेळा फिरवला, हे विचारलंस?"

गॅरिसनने वर जाऊन खरं ते सांगितलं, न लपवता. इबार्राबाईंनी काम दिलं, पण एका अटीवर: यंत्रहाताला आडवा रोलर जमेपर्यंत खोली चालू राहील, आणि जमला की नाही ते खोलीच ठरवील. हा निरोप घेऊन गॅरिसन खाली आला, तेव्हा सातजणींनी टाळ्या वाजवल्या. वेल्डाबाईंनी वाजवल्या नाहीत.

गॅरिसन हसत हसत, टॅब्लेट नाचवत त्यांच्यापाशी आला. "आई, विसावा रकाना टाकलाय! रोलरचा! आता सगळं ठीक ना?"

"ते खाली ठेव," वेल्डाबाई म्हणाल्या. "हात धुऊन ये. सोमवारपासून रोज सकाळी सहाला माझ्या टेबलाशी उभं राहायचं, तीन महिने, आणि कॉफी नाही. आणि आणखी एक ऐकून ठेव, जावईबापू. तुझं ते यंत्र मूर्ख आहे, पण मी लिहिलेलं त्याने अक्षर न् अक्षर वाचलं. मला आधी कळलं असतं, तर लोरीन त्यालाच दिली असती."