काटा चारवर येईपर्यंत

आमच्या प्रशिक्षण केंद्रात गुणांविषयी हरकती पुष्कळ येतात. पण आपलं उत्तर बरोबर आहे, एवढ्याच कारणावरून आलेली हरकत ही पहिलीच. त्यामुळं कार्यालयात चिंतेचं वातावरण पसरलं.

अर्जदार विशाखा, राहणार बजाजनगर. बिडकीनकडच्या एका नव्या कारखान्यात वायूच्या टाक्या सांभाळायला चाळीस माणसं हवी होती आणि निवड आमच्या परीक्षेवर होती. विशाखा एका गुणानं एकेचाळिसावी आली. वयाची अट पंचविसाची, आणि तिचं पंचविसावं महिनाअखेर संपत होतं. म्हणजे पुढची परीक्षा तिच्यासाठी नव्हतीच. सगळं अडलं होतं प्रश्न सतरावर. बंद टाकीतल्या वायूचा दाब २७ अंश सेल्सिअसला २ बार आहे, तापमान ५४ अंश केल्यास दाब किती? तिनं लिहिलं २.१८. आदर्श उत्तरतालिकेत होतं ४. तापमान दुप्पट तर दाब दुप्पट, हिशेब सरळ होता.

मी केंद्रात भौतिकशास्त्र शिकवतो. सेल्सिअसमध्ये आधी २७३ मिळवायचे, मगच गुणोत्तर मांडायचं, हे तिला मीच शिकवलेलं. म्हणून चौकशी समितीवर सदस्य म्हणून माझी नेमणूक झाली. अध्यक्षपदी केंद्रप्रमुख काकासाहेब आले, कारण उत्तरतालिका त्यांनीच तयार केली होती आणि तिची माहिती त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती.

"पोरी, हे दोनशे त्र्याहत्तर कुठून आणलं?" काकासाहेबांनी विचारलं. "प्रश्नात तर कुठं नाय."

"सर, ते मिळवावंच लागतं. शून्य सेल्सिअसला काय टाकीतला दाब संपत नाही."

काकासाहेबांनी टिपून घेतलं की अर्जदारानं परीक्षेत बाहेरून आकडा आणल्याची कबुली दिली. हे कॉपीचं प्रकरण होऊ शकतं, पण आपण मुलीचं वय बघून सोडून देतो, असंही ते म्हणाले. विशाखानं माझ्याकडं बघितलं. मी चष्मा पुसला आणि शिकवणं व परीक्षा हे दोन स्वतंत्र विभाग असल्याचं निदर्शनास आणून दिलं. खोटं कशाला सांगू, लाज वाटली. पण माझ्या पदोन्नतीची फाईल काकासाहेबांच्याच टेबलावर पडून होती.

पोरगी चिवट निघाली. तिनं नियमानुसार प्रात्यक्षिक मागितलं. कार्यशाळेतल्या सांडूमामांनी टाकी तापवली. चोपन्न अंश झाले, काटा दोनाच्या जरासा पुढं सरकला आणि थांबला. आम्ही चहा घेतला. काटा तिथंच. काकासाहेबांनी दाबमापक सदोष ठरवून दुसरा बसवायला लावला, मग तिसरा, तोही भांडारातला सीलबंद. तिघांचं एकमत झालेलं बघून त्यांनी निष्कर्ष काढला की दोष मापकाचा नसून वायूचा आहे, टाकीत तो कमी भरलेला दिसतो.

"सांडू, काटा चारवर येईपर्यंत हवा भर."

"सायेब, टाकी जुनी हाय. फुटंल की."

"तालिकेत फुटायचा उल्लेख नाय."

सांडूमामा हवा भरत राहिले आणि आम्ही दाराबाहेरून निरीक्षण केलं. काटा चारवर आल्याबरोबर पंचनामा झाला: तापमान ५४ अंश, दाब ४ बार, प्रात्यक्षिक यशस्वी.

"सर, तुम्ही वरून हवा भरली," विशाखा म्हणाली.

"मग? भरल्याबिगर चार होतेत व्हय?"

यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं, अशी नोंद झाली. तिचे डोळे भरून आले होते, त्याची नोंद झाली नाही. मला फार वाईट वाटलं आणि मी सही केली.

चाळीस जण कामावर रुजू झाले. विशाखानं घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी काढली आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर २७३ लिहिलं. आठवड्याभरात पालक दारात. मॅडम, आमच्या पोरांच्या आयुष्याशी खेळू नका, परीक्षेला चार आहे, म्हणून भांडले. तिनं दोन दिवस सगळ्यांना समजावलं. तिसऱ्या दिवशी वर्गात एकच पोरगी उरली. चौथ्या दिवशी विशाखानं फळ्यावरचं २७३ पुसलं.

आता त्या शिकवणीत जागा मिळत नाही. परवा प्रवेशासाठी मी माझ्या तनुजाला घेऊन रांगेत उभा होतो. माझ्यापुढं तुम्ही होतात, लेकराचा हात धरून. विशाखानं तुम्हाला शांतपणे विचारलं, "याला बरोबर शिकवू, का मार्कांचं शिकवू?"

तुम्ही काय म्हणालात ते मी इथं लिहीत नाही. माझा नंबर आल्यावर मीही तेच म्हणालो.