खानविलकर वहिनींचे कार्यालय

पाटबंधारे खात्याच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्याचे सरकारी कार्यालयात रूपांतर झाले, तेव्हा साहेबांच्या पत्नी स्वयंपाकघरात होत्या, त्यामुळे त्यांचेही कार्यालय झाले. आदेशात ‘बंगला, आतील सर्व गोष्टींसह’ असे स्वच्छ लिहिले होते. खानविलकर साहेब दौऱ्यावर होते म्हणून वाचले.

तसा तो बंगला बदलांना सरावलेला होता. गोऱ्या साहेबाने तो बांधला, त्याच्या टेनिसच्या मैदानावर पुढे आलेल्या देशी साहेबांच्या बायकांनी पापड वाळवले. तेव्हाही कुणी तक्रार केली नव्हती.

नीलिमावहिनींनी काम चोख सांभाळले. शेतकरी पाण्याचे अर्ज आणत, वहिनी कणीक मळता मळता ऐकून घेत आणि तिथल्या तिथे निकाल देत. बाकीची कार्यालये यामुळे जरा नाराजच होती. साहेब नव्या फ्लॅटमध्ये खानावळीचा डबा खाऊन दिवस काढत होते.

अशात लेकीचे, केतकीचे, दिवस भरत आले. वहिनींनी सुट्टी मागितली. हेडक्लार्क तांबट भला माणूस, पण त्यांचा नाइलाज होता.

“वहिनी, सुट्टी कर्मचाऱ्याला मिळते. कार्यालयाचं फक्त स्थलांतर होतं.”

आणि स्थलांतराला मंजुरी येईपर्यंत बाळ शाळेत गेले असते. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. सगळ्या कचेरीला वाईट वाटले. साहेबांनी सुचवले की केतकीला फ्लॅटवर आणू, कामाला एखादी बाई ठेवू.

“पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं,” वहिनी म्हणाल्या. “आणि आई असते तिथंच माहेर.”

याविरुद्ध तांबटांना एकही नियम सापडला नाही. जुन्या फायली व्हरांड्यात काढून केतकीची खाट लावण्यात आली. डिंकाच्या लाडवांनी कारकून मंडळी चांगलीच बाळसे धरू लागली.

बाळ कामकाजाच्या वेळेतच झाले. केतकी बाहेरून आलेली, म्हणून ती अभ्यागत. बाळ मात्र कार्यालयातच निर्माण झालेले, म्हणून तांबटांनी त्याला उपविभागाचा दर्जा दिला आणि पेढे वाटले.

साहेब खुळखुळा घेऊन धावत आले. शिपायाने त्यांना अदबीने बाहेरच्या बाकावर बसवले. बऱ्याच वेळाने वहिनी दारात आल्या.

“अगं, नातवाचं तोंड तरी बघू दे.”

“उपविभाग झोपलाय,” वहिनी म्हणाल्या. “उद्या या.”

हे वाक्य साहेबांनी नोकरीभर लोकांना ऐकवले होते, आणि त्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. ते बाकावरून उठले नाहीत.