बर्वेकाकांची यादी

बर्वेकाका टीव्हीवर एकच गोष्ट बघायचे. टीव्हीवर काय काय लागणार आहे, त्याची यादी.

मी अमेरिकेत सनीव्हेलला ताईकडे राहायला आले तेव्हा संध्याकाळी शेजारच्या बर्व्यांकडे चहाला जायचे. बोलायला मला जमत नसे, आणि तिथे ते लागतही नसे. यादीच्या चॅनेलवर कार्यक्रमांच्या ओळी खालून वर सरकत आणि काका क्रिकेटची मॅच बघावी तसे त्या बघत.

"सातला सिनेमा आहे. लावायचा?" एकदा धीर करून मी विचारलं.

"आहे ना. आत्ताच वाचला," काका म्हणाले.

काका केबल कंपनीत होते. ही यादी त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उपग्रहावरून यायची. कुणी पाहुणा आला की ते जुन्या टीव्हीचं बटण पिळून चित्र खाली सरकवत. वर एक काळी पट्टी उघडी पडे आणि तिच्यात पांढरे ठिपके थरथरत.

"हे ठिपके म्हणजेच यादी. दुसऱ्याच चॅनेलच्या डोक्यावर बसून येते ती," काका सांगत. "मिडवेस्टात टाइप होते, वर जाते, खाली येते. आपण हात लावायचा नाही. वरून आलंय."

विजेचं बिल असो की काकूंच्या भावाचा फोन, सगळंच त्यांच्या मते वरून आलेलं असे.

त्या उन्हाळ्यात गावच्या लोकल चॅनेलने काकूंचा थालीपिठाचा कार्यक्रम रेकॉर्ड केला. यादीत मात्र त्या वेळेसमोर नुसतं 'लोकल प्रोग्रॅम' आलं.

"फोनबुकात हे, पोस्टाच्या पेटीवर हे," काकू मला म्हणाल्या. "इतकी वर्षं या देशात मी नुसती मिसेस. एकदा तरी माझं नाव कुठे दिसू दे." मग काकांकडे वळून, "मशीन तुमच्याच ऑफिसात आहे. टाइप करा ना."

"वरून आलं नाही, तर मी कसं घालू?"

"मग चहाही वरूनच मागवा." काकूंनी त्यांच्या हातातला कप उचलून नेला.

दोन दिवसांनी काकांनी मला जिन्यात गाठलं. मिडवेस्टातल्या त्या ऑफिसला ते रोज लंचमध्ये फोन करत होते. "माझं इंग्रजी त्यांना कळत नाही गं. तुझं कॉन्व्हेंटचं आहे. काकूला सांगू नकोस."

मी पिझ्झासुद्धा ताईला ऑर्डर करायला लावायचे. पण त्यांनी ताईच्या फोनवरून नंबर फिरवून रिसीव्हर माझ्या हातात दिलाच. काकूंचं नाव मी एकेक अक्षर करून सांगितलं. शेजारी काका नुसते ओठ हलवत माझ्याबरोबर स्पेलिंग म्हणत होते.

शनिवारी संध्याकाळी ओळी सरकता सरकता आलं: 'कुकिंग विथ सुमन बर्वे'.

काकू बघतच राहिल्या. "केलंत ना शेवटी टाइप?"

"छे. वरून आलंय," काका म्हणाले. "सगळ्या अमेरिकेवर पडतं ते. प्रत्येक गावचं मशीन आपल्यापुरतं उचलतं. फ्लोरिडापर्यंत पडलं असेल तुझं नाव."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटाकडे पाहिलं.

"मग फ्लोरिडावाल्यांनाही बोलवा थालीपीठ खायला," असं म्हणत त्या आत गेल्या आणि काकांचा चहा घेऊन आल्या, काठोकाठ.

तेवढ्यात कार्यक्रमाची वेळ झाली. "अहो, चॅनेल बदला. मी सुरू झाले तिकडे."

"थांब गं," काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "अजून एकदा येऊ दे."

काकू त्यांच्या शेजारी बसल्या आणि दोघं वाट बघू लागले.