अर्जुना आबांना बसवले त्याची हकिकत

वडिलांना बसवणे हे मुलाच्या कर्तबगारीचे सर्वांत खात्रीचे लक्षण आहे. ऊस काय, कोणाचाही येतो. स्लॅबही पडतो. पण म्हाताऱ्याला जागचे हलू देत नाहीत, असे घर पंचक्रोशीत विरळे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर कृष्णाकाठच्या आमच्या गावात हा मान प्रथम मानसिंगने मिळवला. तो फौजेतून हवालदार होऊन परतला होता. त्याचे वडील अर्जुना आबा सत्तरी ओलांडूनही रोज मळ्यातून वैरणीचा भारा डोक्यावर आणत. हवालदाराच्या घराला हे शोभत नव्हते. (भारा शोभत होता, आबा शोभत नव्हते.) मानसिंगने सांगलीहून कापडी आरामखुर्ची आणून सोप्यात मांडली आणि फर्मान काढले, "आबा, लय राबलासा. आजपासनं तुमी रिटायर."

"आरं, पर म्हशीची वैरण?"

"गडी लावलाय."

"मग मी काय करू?"

"आराम!"

अंमलबजावणी फौजी शिस्तीत झाली. चहा खुर्चीत, जेवण खुर्चीत, दाढी खुर्चीत. आबा नुसते पुढे झुकले तरी दोघेतिघे धावत. येणारेजाणारे थांबून म्हणत, "पोरगा असावा तर असा." त्यांना रामराम घालायला आबा उठू लागले, की त्यांना पुन्हा बसवण्यात येई.

वर्षभरात सेवेला फळ आले. आबांच्या मांड्या धोतरात सापडेनाशा झाल्या. एका सकाळी ते परसाकडे निघाले आणि उंबऱ्यातच खाली बसले. उठता येईना. गड्याने उचलून आणले. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. "खाल्लं की परत परसाकडं जावं लागंल," एवढेच म्हणाले.

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासले. "आजार काही नाही. वापर नाही म्हणून स्नायू झिजलेत. या वयातही ते भरून येतात. उठबस करू द्या, चालू द्या, झेपेल तेवढं वजन उचलू द्या."

मानसिंग बाहेर येऊन थुंकला. "बापाला राबवा म्हंतोय! ह्यो कसला डाक्टर?"

दुसऱ्या डॉक्टरांनी तांबडे टॉनिक आणि संपूर्ण विश्रांती लिहून दिली. त्यांच्या दवाखान्यात छताला पंखा असल्याने निदानाविषयी शंका उरली नाही.

मानसिंगची बायको अंजना मात्र पहिल्या डॉक्टरांचे बोलणे मनात धरून होती. नवरा सोसायटीच्या मीटिंगला गेला की ती दार पुढे लोटी.

"मामंजी, उठा. खांबाला धरा, पर उठा."

"पाय थरथरत्यात गं पोरी."

"थरथरू द्यात. अजून येकदा."

आधी आबा खांब धरून उठले, मग न धरता. मग अर्धी कळशी, मग भरलेली. पावसाळा सरता सरता ते मानसिंगच्या माघारी परसाकडे एकटे जाऊ लागले. शेजारणींनी हे भिंतीवरून पाहिले आणि सून सासऱ्याचे हाल करते, यावर गावात एकमत झाले. मानसिंगच्या कानावर मात्र कोणी घातले नाही. गणपतीत मंडळ त्याचा 'आदर्श पुत्र' म्हणून सत्कार करणार होते आणि हार सांगून झाले होते.

सत्काराला आबांना खुर्चीसकट चौघांनी उचलून आणले. खुर्ची काही स्टेजवर चढेना. चौघे ती तिरकी करू लागले तेव्हा आबा म्हणाले, "थांबा रं." मग ते उठले, पायऱ्या चढून माइकपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "ही समदी माज्या सुनंची..."

पुढचे टाळ्यांत कोणाला ऐकू आले नाही.

मानसिंग रडला. खरोखर रडला, बाप चालताना बघून त्याला झालेला आनंद खोटा नव्हता. त्याने आबांना मिठी मारली, डोळे पुसले आणि खालून खुर्ची वर मागवली. "बसा आबा. दमलासा."

अध्यक्षांनी समारोपात सांगितले की पुरेशी विश्रांती मिळाली तर म्हातारा माणूस असा चालतो. ते गावाला पटले. दिवाळीपर्यंत आणखी अकरा सोप्यांत अकरा आरामखुर्च्या आल्या आणि अकरा चालते म्हातारे त्यांत बसवण्यात आले. अंजनाला कोणी काही विचारले नाही. वाईट सुनेचा सल्ला घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

आमच्या गावाला हसायला हरकत नाही. फक्त परवा आईच्या हातातून तुम्ही भाजीची पिशवी ओढून घेतलीत, "तू बस गं" म्हणालात, आणि मग दिवसभर तुम्हाला स्वतःविषयी किती बरे वाटत होते, तेवढे आठवून हसा.