पॉइंट पंचेचाळीस

बाबा गेल्यावर त्यांची गाडी माझ्या नावावर होण्यासाठी ती तपासणी केंद्रात पास होणे आवश्यक होते. दोनदा नापास झाल्यास थेट भंगारात, असा नियम. गाडी वीस वर्षांची. सीट अजून बाबांच्या उंचीला लावलेली; मी पाय ताणून क्लच दाबत होते.

गाडी पेट्रोल ढोसत होती, मागून काळा धूर. मेकॅनिकने धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरला मीटर लावला. आकडा ०.४५ व्होल्टवर ठाम.

"ताई, हा मेलाय. इंजिन गरम झालं की आकडा पॉइंट एक ते पॉइंट नऊ असा सारखा नाचला पाहिजे. सेन्सर गप्प, म्हणून गाडीतला कॉम्प्युटर आपलाच मधला आकडा धरून बसलाय."

नवा सेन्सर बसला. मेकॅनिकने हवेची एक नळी उपसली, आकडा कोसळला. परत लावली, नाचू लागला. धूर थांबला.

केंद्रातल्या तपासनिसाने मीटर पाहून चष्मा काढला. "व्होल्टेज अस्थिर. नापास."

"साहेब, ते तसंच असायला हवं."

"गेली तीन वर्षं पॉइंट पंचेचाळीस. जरा हललं नाही. वडील शिस्तीचे होते, मॅडम. तुमच्या हातात आली आणि लगेच थेरं सुरू!"

"तीन वर्षं सेन्सर मेलेला होता."

"पण त्याची काही तक्रार होती का?"

मेकॅनिकने गाडीच्या कंपनीचे पुस्तक सादर केले. वरिष्ठांचे उत्तर आले: सदर पुस्तक कंपनीनेच लिहिले असल्याने ते गाडीची बाजू घेणारच, सबब विचारात घेता येत नाही.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर मेकॅनिकने बॉनेट उघडले आणि सेन्सरचा प्लग काढून ठेवला. माझ्याकडे पाहिले नाही.

०.४५. तपासनिसाने धुरात खोकत 'उत्कृष्ट' लिहिले.

"आणि हा धूर?" मी विचारले.

"फॉर्ममध्ये धुराला रकाना नाही. इथे सही करा, वारस म्हणून."

बाबांच्या नावाखाली कोरी रेघ होती. पेन वेडेवाकडे गेले.

"हात थरथरतोय, मॅडम. असं चालत नाही. नवा फॉर्म घ्या."

दुसराही तसाच बाद झाला. तिसऱ्या फॉर्मवर मी छापल्यासारखी सही केली. साहेब प्रसन्न झाले. त्यांनी शेरा मारला, 'गाडी व मालक, दोन्ही स्थिर', आणि शिक्का उमटवला.

बाबा गेल्यावर सांत्वनाला आलात तेव्हा, मी रडत नाही हे पाहून, तुम्हीही मला हाच शेरा दिला होता. फक्त तुमच्याकडे शिक्का नव्हता.